गवळ्याची माहेरभिंत

फार जुन्या काळातली गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की तेव्हा जनावरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत. हल्ली जनावरं बोलेनाशी झाली म्हणतात. कोण जाणे, कदाचित आपल्यालाच ऐकायला वेळ नसेल.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव लहान, पण मोठं हौशी. तिथल्या भिंती कधी ओक्याबोक्या नसत. दारावर वेल, चुलीमागे मोर, गोठ्यावर बैलजोडी. गेरूने सारवलेल्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. चित्रं काढायच्या सगळ्या बायका. पुरुषांनी चित्राची काडी हातात धरू नये असा काही नियम नव्हता. पण धरली कुणीच नव्हती, आणि जे कुणीच करत नाही ते करायचं नसतं, असं गावाला वाटे.

त्या गावात एक रीत होती. मुलीचं लग्न लागलं, वऱ्हाड सासरी पोचलं, की मुलीच्या आईने तिच्या सासरी चुलीशेजारच्या भिंतीवर चित्र काढायचं. मुलगी जे जे मागे सोडून आली, ते सगळं त्यात यायचं. अंगणातलं झाड, विहीर, तुळस, दावणीची जनावरं. त्याला म्हणत माहेरभिंत. सून भाकरी थापता थापता मान वर करी आणि समोर तिला माहेर दिसे. एखाद्या दिवशी सासूशी वाजलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून बसायची तिला मुभा होती. तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही, सासूनेसुद्धा नाही.

चित्राला हात मात्र घरचाच लागे. शेजारीण कितीही छान काढणारी असो, तिला दुसऱ्याच्या लेकीची माहेरभिंत काढता येत नसे. जिच्या घरी काढणारं कुणी नसे, तिची भिंत कोरी राही. ती बिचारी मान वर करी आणि समोर नुसता गेरू बघून पुन्हा भाकरीला लागे.

याच गावात एक गवळी राहत होता. लेक पाळण्यात असतानाच त्याची बायको देवाघरी गेली होती. लेकीला त्याने एकट्याने वाढवलं. तिची वेणीसुद्धा तोच घाली. आधी ती वेणी कानाकडे जायची, पुढे पुढे सरळ येऊ लागली.

घरात तो, लेक आणि एक म्हैस. या गोष्टीत माणसांची नावं कुणी सांगत नाही. म्हशीचं मात्र सांगावं लागतं, कारण तिचा तसा आग्रह असे. तिचं नाव ठुमकी. ठुमकीचं एक शिंग अर्ध्यात तुटलं होतं. रेडकू असताना ती एका बाभळीशी भांडली होती आणि बाभूळ जिंकली होती. त्या विषयावर बोललेलं तिला खपत नसे.

दिवाळी सरली आणि लेकीचं लग्न ठरलं. स्थळ नदीपलीकडचं, माणसं चांगली, मुलगा कामसू. मुहूर्त निघाला उन्हाळ्याच्या तोंडाशी. सगळं मनासारखं झालं, आणि मग विहिरीवर बायकांनी विचारलंच.

"काय गं, तुझी माहेरभिंत कोण काढणार?"

"मला नकोच," लेक म्हणाली. "माझं घर मला तोंडपाठ आहे."

हे तिने अगदी हसत सांगितलं. पण घरी येऊन घागर उतरवताना तिने डोळे पुसले, आणि ते गवळ्याने गोठ्यातून पाहिलं. वेणी घालायला आपण शिकलो, भाकरी थापायला शिकलो, आणि आता ऐन वेळी पोरीला कोऱ्या भिंतीसमोर बसवायची? नाही जमायचं. त्याने धोतर झटकलं आणि तो तडक म्हातारीच्या घरी गेला.

म्हातारी म्हणजे गावाची चित्रांची गुरू. निम्म्या गावाला मोर काढायला तिनेच शिकवलं होतं. आता तिचे हात कापत, म्हणून काडी तिने ठेवून दिली होती. जीभ मात्र अजून कापत नव्हती.

"आजी, माझ्या लेकीची भिंत काढून दे," गवळी म्हणाला.

"घरचा हात लागतो. रीत ठाऊक नाही तुला?"

"घरात हात आहे तो माझाच."

"मग तोच लाव की."

"अगं, हा हात शेणाचा, दुधाचा. याला चित्र कुठलं यायला!"

"विचारलंस कधी त्याला?" म्हातारी म्हणाली. "जा, आधी एक म्हैस काढून बघ. मग बोलू."

गवळी घरी आला. त्याने तांदूळ वाटले, पाण्यात कालवले. बांबूची काडी घेऊन तिचं टोक चावून चावून मऊ केलं, कारण बायकांना तसं करताना त्याने पाहिलं होतं. गोठ्याची मागची भिंत सारवली आणि ती ओली आहे तोवरच तो म्हैस काढायला बसला.

त्याने पाठीची रेघ ओढली. रेघ दिसेना. त्याने पोट काढलं. तेही दिसेना. जणू भिंत पिऊन टाकत होती.

आता हे गावातल्या एकूण एक बाईला माहीत होतं. ओल्या भिंतीवर ओली रेघ दिसत नाही, वाळली की पांढरी होऊन उमटते. बायकांना ते इतकं माहीत होतं, की कुणाला सांगावं असं कधी त्यांच्या मनातच आलं नाही. गवळ्याला वाटलं, आपणच कमी पडतोय. मग त्याने पीठ घट्ट केलं आणि पाठीवर पुन्हा पाठ काढली, पोटावर पोट. पाय काढले की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा काढले. घामाघूम होऊन तो उठला.

सकाळी उजाडलं तेव्हा भिंत वाळली होती.

"हे काय आहे?" ठुमकीने विचारलं.

"तू."

ठुमकी रवंथ करायची थांबली. "मला पाय किती?"

"चार."

"मोज बरं."

गवळ्याने मोजले. पाच भरले.

"त्यातली एक शेपूट असेल," तो म्हणाला.

"शेपूट त्या बाजूला आहे. निदान ती शेपूट असावी, अशी माझी आशा आहे."

तेवढ्यात पाठीचा जाड पांढरा थर पापुद्रा धरून खाली गळून पडला, आणि ठुमकी इतकी हसली की तिच्या तोंडातली वैरण उडाली. गवळ्याने घाईघाईने शेणाचं पाणी घेतलं आणि लेक उठायच्या आत भिंत पुसून काढली.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा म्हैस काढली. सकाळी पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी तेच. कितीतरी दिवस तो संध्याकाळी काढत होता आणि सकाळी पुसत होता, आणि म्हैस होती तिथेच होती.

"काल पाचवा पाय पुढे होता, आज मागे आहे," ठुमकी म्हणायची. "बाकी तू मेहनती आहेस, यात शंका नाही."

गावात बातमी पसरायला काय लागतं? पारावरून लोक हाळी देत, "काय गवळीबुवा, म्हशीला पाचवा पाय फुटला म्हणे! दूध वाढलं का?" गवळी वरवर हसे. आतून त्याला रडू येई. थंडी निम्मी सरली होती, आणि भिंतीवर दाखवण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटी तो पडलेल्या चेहऱ्याने म्हातारीकडे गेला. म्हातारी काठी टेकत स्वतः गोठ्यात आली.

"दाखव," ती म्हणाली.

"पुसलं."

"सगळं?"

"लाज वाटते, आजी."

म्हातारी वैरणीच्या भाऱ्यावर बसली. इकडे तिकडे बघत तिने भलतंच विचारलं, "धार काढायला कधी शिकलास रे?"

"लहान होतो."

"पहिल्याच दिवशी चरवी भरली होती?"

गवळी हसला. "कसली भरतेय! म्हशीने लाथ घातली. इथे मांडीवर. वण अजून आहे."

"तो वण पुसला नाहीस?"

"वण कसा पुसणार?"

"मग दुसऱ्या दिवशी कुठे बसलास?"

"जरा सरकून बसलो. वण होताच ना सांगायला."

"आता कसं बोललास!" म्हातारीने काठी जमिनीवर आपटली. "तिथे वण ठेवलास म्हणून शिकलास. इथे रोज सकाळी वण पुसतोस आणि रोज संध्याकाळी त्याच जागी लाथ खातोस. काढ आत्ताच्या आत्ता एक म्हैस. आणि खबरदार पुसलीस तर."

मग तिने त्याला ओल्या रेघेची गोष्ट सांगितली. गवळी ऐकतच राहिला.

"म्हणजे ती दिसत नव्हती, पण होती?"

"होती. पीठ पातळ ठेव. रेघ एकदाच ओढ आणि पुढे हो. दिसत नाही म्हणून वरून गिरवू नकोस. जाड केलंस की गळून पडतं."

"पण दिसतच नाही, तर बरोबर आली की चुकली हे कळणार कसं?"

"आज नाही कळणार. उद्या वाळल्यावर डोळ्यांना कळेल. डोळ्यांना कळलं की हळूहळू हातालाही कळेल. घाई कसली आहे तुझ्या हाताला? तो काय कुठे पळून चाललाय?"

त्या दिवशी गवळ्याने डाव्या कोपऱ्यात म्हैस काढली. सकाळी तिला पाच पाय निघाले. त्याचा हात शेणपाण्याकडे गेला आणि मागे आला. थोड्या वेळाने लेक गोठ्यात आली. तिने भिंत पाहिली, मग बापाकडे पाहिलं, मग पुन्हा भिंत पाहिली. पारावरच्या थट्टेचा अर्थ तिला आता समजला. ती हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली. गवळी आधी ओशाळला. मग त्यालाही हसू आवरेना.

"आबा, ही पाच पायांची मला फार आवडली," लेक म्हणाली. "ही पुसू नकोस हं कधी."

म्हातारीने त्याला म्हैस काढायची बंदी घातली. आधी नुसती दोरी काढायची, अंगणातल्या वलणीसारखी, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत. गवळी रोज दोऱ्या काढू लागला. पहिली दोरी सापासारखी वळवळली. नंतरच्या थोड्या कमी वळवळल्या. रोज सकाळी तो चरवी बाजूला ठेवून भिंतीसमोर उभा राही आणि कालची रेघ कुठे थरथरली ते बघे. ती शेवटाकडे थरथरते, हे त्याच्या लक्षात आलं. कारण शेवट जवळ आला की तो श्वास रोखून धरी. त्याने श्वास सोडून पाहिला, तर दोरी सरळ आली. त्या दिवशी त्याने ठुमकीला पेंडीचा जादा घास दिला.

"दोरीसाठी?" ठुमकी म्हणाली. "मला नको म्हणायची सवय नाही, पण तू जरा जास्तच खूश झालायस."

दोरीनंतर घागरीचं तोंड, घागरीनंतर विहिरीचा काठ, मग झाडाची फांदी. आणि मग एके दिवशी म्हातारी म्हणाली, "आता म्हैस. पण डोक्यातली नको, समोरची काढ."

गवळी ठुमकीसमोर बसला. धार काढताना तो वर्षानुवर्षं तिच्याजवळ बसला होता, पण असं तिच्याकडे बघत कधीच बसला नव्हता. तिची पाठ सपाट नव्हती, कमरेपाशी तिला हाडाचा उंचवटा होता. गुडघे पुढून वेगळे होते आणि मागून वेगळे.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "तुझी शिंगं वर नाही जात. ती मागे वळतात!"

"मला ठाऊक होतं," ठुमकी म्हणाली. "विचारायचंस."

गोठ्याची भिंत भरत चालली. डावीकडून उजवीकडे चालत गेलं की म्हैस सुधारत जाई. ठुमकी सकाळी सकाळी त्या भिंतीचा आढावा घ्यायची. "त्या कोपऱ्यातली मी आजारी आहे. मधली मी दुखण्यातून उठतेय. आणि या टोकाची मी, बरं का, या टोकाची मी कडबा मागतेय." गवळी हसत कडबा टाकी. पारावरची माणसं आता टवाळी करायला म्हणून गोठ्यात येत आणि उगाच बराच वेळ थांबत.

एकदा ठुमकीने हळूच विषय काढला. "एक सांगू? ते शिंग जरा पुरं कर की. चित्रच तर आहे. कुणाला कळणार आहे?"

गवळ्याला तिचं मन मोडवेना. त्याने दोन्ही शिंगं डौलदार, पुरी काढली. सकाळी भिंतीवर अशी देखणी म्हैस उमटली, की ठुमकीला स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली. म्हातारी आली. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"हात छान चाललाय," ती म्हणाली. "पण ही कुणाची म्हैस?"

"माझीच. ठुमकी."

"नाही रे. म्हैस सुंदर आहे, पण ठुमकी नाही ही."

ठुमकी तोंड फिरवून उभी राहिली. संध्याकाळी तिने पान्हा चोरला, आणि चरवीचा तळसुद्धा झाकला नाही. शिंगाचं काय करायचं, हे मात्र गवळ्याने तिला सांगितलं नाही. त्याचं त्यालाच अजून ठरवता येत नव्हतं.

बघता बघता लग्नाचा दिवस आला. अक्षता पडल्या, वऱ्हाड नदी उतरून पलीकडे गेलं. लेकीच्या सासरी चुलीशेजारची भिंत ताजी सारवलेली होती. सगळी मंडळी लाह्या आणि गुळाच्या परड्या घेऊन बसली होती, कारण चित्र उमटेपर्यंत लाह्या खात वाट बघायची अशी बायकांची पद्धत होती. आज नवरीचा बापच आत शिरला, म्हणून पुरुषही मागोमाग आले होते. गवळी पुढे झाला. त्याने कमरेला खोचलेली काडी काढली, तशी कुजबुज सुरू झाली.

"अगं बाई, हे काढणार?" सासूबाई म्हणाल्या. "माहेरभिंत आई काढते ना?"

"आई नाही. बाप आहे," म्हातारी म्हणाली. तिला दोघांनी डोलीतून आणलं होतं, आणि ती सगळ्यांच्या पुढची जागा धरून बसली होती.

गवळी काढू लागला. त्याने पीठ पातळ ठेवलं. रेघ एकदाच ओढली आणि पुढे सरकला. श्वास सोडला, पुन्हा काडी भिजवली. हळूहळू सगळ्या भिंतीवरून त्याचा हात फिरला. मग तो मागे सरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

भिंत कोरी होती. त्यात काही नवल नव्हतं, प्रत्येक माहेरभिंत आधी कोरीच दिसते. एरवी दारातून ऊन येई आणि चित्र लवकर उमटे. पण त्या दिवशी आभाळ आलं होतं. हवा दमट, वाऱ्याचं नाव नाही. लाह्यांची पहिली परडी संपली, भिंत तशीच. दुसरी संपत आली, तरी तशीच.

"काहीच नाही!" पोरं ओरडली.

"गवळ्याचा हात हो!" नवऱ्या मुलाचा काका म्हणाला. "सवयीने पाणी जास्त घातलं असणार!"

माणसं खो खो हसली. गवळ्याने भिंतीशी वाकून पाहिलं. खरंच पीठ फार पातळ झालं असेल का? काडी भिजली नसेल का? त्याने लेकीकडे पाहिलं. ती नव्या लुगड्यात बसली होती आणि कोऱ्या भिंतीकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा बघून त्याला राहवेना. त्याने पिठाची वाटी ओढली. घट्ट पीठ घ्यावं, सगळं पुन्हा गिरवावं, निदान पोरीला काहीतरी तरी दिसेल. काडी वाटीत बुडाली. ती उचलून भिंतीशी नेली, आणि तो थांबला.

ज्या भिंतीवर त्याने कितीदा तरी हेच केलं होतं, ती गोठ्याची भिंत त्याला आठवली. तिच्यावरून गळून पडलेली पाठ आठवली. त्याने म्हातारीकडे पाहिलं. ती मजेत लाह्या खात होती.

गवळ्याने काडी खाली ठेवली, वाटी पालथी केली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून तो बसला.

"आणा हो अजून लाह्या," तो म्हणाला.

तिसरी परडी फिरू लागली. आणि मग लेकीनेच आधी पाहिलं.

"आबा, दोरी!"

भिंतीच्या वरच्या अंगाला एक बारीक पांढरी रेघ उमटत होती. अंगणातली वलणी, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, सरळ. मग विहिरीचा काठ आला. मग दारातली शेवग्याची फांदी, शेंगांसकट. तुळस, दावण, कडब्याची गंजी. हसणारी माणसं गुडघ्यांवर येऊन पुढे सरकली. आणि मग दावणीपाशी एक म्हैस उमटली. पाठीला उंचवटा, शिंगं मागे वळलेली, एक पुरं आणि एक अर्ध्यात तुटलेलं.

"ठुमकी!" लेक ओरडली. "माझी ठुमकी!"

ती उठून भिंतीशी गेली. जवळ गेल्यावर तिला आणखी काही दिसलं. ठुमकीच्या मागे गोठ्याची भिंत काढली होती, आणि त्या भिंतीवर मुंगीएवढ्या म्हशींची एक रांग होती. डावीकडच्या वेड्यावाकड्या, उजवीकडच्या नीट. अगदी डाव्या कोपऱ्यातल्या म्हशीला पाच पाय होते. लेक हसायला लागली, आणि हसता हसता खालीच बसली. नवीन सुनेने असं हसावं का, असं काही क्षण सासूबाईंना वाटलं. पण त्यांनीही तो पाचवा पाय पाहिला, आणि पदर तोंडाला लावला.

सगळ्यात शेवटी घराचं दार उमटलं. दाराच्या आत एक पाळणा होता आणि पाळण्यावर एक बाई वाकली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता.

"ही कोण, आबा?" लेकीने हळू आवाजात विचारलं.

"तुझी आई. तुझ्याकडे बघतेय."

लेकीने त्या रेघांवरून लांबूनच बोट फिरवलं.

"चेहरा मला अजून जमत नाही गं," गवळी म्हणाला. "शिकतोय. जमला की येऊन काढीन."

ती बापाच्या गळ्यात पडली आणि मनसोक्त रडली. काका खाली मान घालून पुढे आला आणि त्याने गवळ्याच्या ओंजळीत स्वतःच्या परडीतल्या लाह्या ओतल्या.

गवळी घरी आला तेव्हा ठुमकी दारातच उभी होती.

"मग? तिथे मी कशी दिसते?"

"तुटक्या शिंगाची," गवळी म्हणाला.

ठुमकीने कान हलवले. "आणि पोर काय म्हणाली?"

"तुझं नाव घेऊन ओरडली. लगेच ओळखलं तिने तुला."

"आणि शिंग पुरं असतं तर?"

"तर कुणाचीही म्हैस वाटली असती."

ठुमकीने त्यावर विचार केला. त्या संध्याकाळी तिने इतकं दूध दिलं की चरवी भरून वाहिली. "याचा शिंगाशी काही संबंध नाही," असं तिने बजावून सांगितलं.

गवळ्याने काडी ठेवून दिली नाही. तो रोज लेकीचा चेहरा आठवून काढत राहिला, कारण सगळे म्हणत, पोर अगदी आईच्या वळणावर गेली आहे. गोठ्याची दुसरी भिंत वाकड्या नाकांनी भरली. मग नाकं सरळ झाली, मग डोळे बघू लागले. पुढे लेकीला मुलगी झाली, आणि बारशाला गवळी काडी खोचून नदीपलीकडे गेला. या वेळी पिठाची वाटी सासूबाईंनी स्वतः धरली. पाळण्याशेजारची भिंत वाळली, तेव्हा तिच्यावरची बाई हसून समोर बघत होती. लेकीने मांडीवरच्या पोरीला तिच्यासमोर धरलं. "बघ," ती म्हणाली, "ही तुझी आजी. आणि त्या तिकडच्या पाच पायांच्या म्हशीची गोष्ट तुला मोठी झालीस की सांगीन."

तेव्हापासून त्या गावात माहेरभिंत आईही काढते आणि बापही काढतो. प्रत्येक घरात मागची एक भिंत शिकण्यासाठी राखलेली असते, आणि ती कधी पुसत नाहीत. पाहुणे आले की घरचे त्यांना मोठ्या कौतुकाने डाव्या कोपऱ्यातलं पहिलं चित्र आधी दाखवतात.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: हात रोज चालवावा, आपली चूक पुसून न टाकता तिच्याकडे नीट बघावं, आणि धीर धरावा, कारण मेहनतीची रेघ वाळल्यावरच दिसते.